सायटिका : वाट पाहण्याच्या दिवसांत पैसा कुठे घालावा, कुठे राखावा

चोपड्यात कुणाची कंबर धरली आणि कळ पायात उतरली, की आठवड्याच्या आत चार जणांकडून चार पत्ते मिळतात. कुणी जळगावचा हाडांचा डॉक्टर सांगतं, कुणी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला पाला देणारा माणूस, कुणी अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम झऱ्यावरची आंघोळ, तर कुणी पायाळू माणसाची लाथ. सांगणारे सगळे काळजीपोटीच सांगतात. पण कळ असह्य असते, वेचणीचे किंवा केळी काढणीचे दिवस असतात, आणि घाबरलेला माणूस एकेक पत्ता गाठत पहिल्याच महिन्यात दहा-पंधरा हजार रुपये घालवून बसतो. पुढे खरोखर तपासणी किंवा ऑपरेशन लागलं तर हात रिकामा असतो. त्याचं वाईट जास्त वाटतं, कारण यातला बराचसा खर्च टाळता येण्यासारखा असतो.

सायटिका म्हणजे मांडीमागून पोटरीत, घोट्यापर्यंत आणि कधी अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या जाड नसेचं दुखणं. ही नस कंबरेच्या चौथ्या मणक्यापासून खाली निघणाऱ्या पाच मुळांची मिळून बनते. दोन मणक्यांमधली गादी फुगून किंवा फाटून तिचा मऊ भाग यांतल्या एखाद्या मुळावर टेकला, की पायात करंट मारल्यासारखी कळ जाते. खोकलं, शिंकलं, खाली वाकलं की ती वाढते. बहुतेकांची अडचण शेवटच्या दोन गाद्यांत असते. उतारवयात मणक्यातली जागा अरुंद होऊनही असं दुखतं. तेव्हा चालताना पाय भरून येतात आणि बसलं की बरं वाटतं.

खर्चाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर स्वतः हळूहळू जिरवतं. बहुतेक रुग्णांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत बरंच उतरतं. नेदरलँड्समध्ये 283 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यांना दीड ते तीन महिने तीव्र सायटिका होती. निम्म्यांचं ऑपरेशन लवकर ठरवलं, निम्म्यांना थांबवून ठेवलं. ऑपरेशनवाल्यांच्या पायाची कळ लवकर गेली, हे खरं. पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले सुमारे 95 टक्के लोक बरे होते, आणि थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांनाच पहिल्या वर्षात ऑपरेशन करावं लागलं. म्हणजे तज्ज्ञाची तारीख लांबची मिळाली, तर ते दिवस वाया जात नाहीत. त्या दिवसांत शरीर काम करत असतं. आपण त्याला आडवं जायचं नाही आणि खिसा सांभाळायचा.

आधी एवढं तपासा. यात थांबायचं नाही

काही खुणा दिसल्या तर वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवायचा. लघवी अडली, किंवा कळत नाही अशी होऊ लागली. शौचावरचा ताबा गेला. बसताना जिथे टेकतो तिथली, मांड्यांच्या आतली आणि गुद्द्वाराभोवतीची जागा बधीर झाली. दोन्ही पायांत एकदम कळ किंवा अशक्तपणा आला. यांपैकी काहीही झालं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. नसांचा पूर्ण झुपका दाबला गेल्याची ही लक्षणं आहेत. ऑपरेशनला उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे. रुग्णालयात पोहोचल्यावर 'कंबर दुखते' एवढंच सांगू नका. 'लघवी होत नाही, खालची जागा बधीर आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे केसपेपरच्या रांगेत वेळ जाणार नाही.

दुसरी खूण घरातच ओळखता येते. भिंतीला हात टेकून चार पावलं टाचांवर चाला, मग चार पावलं चवड्यांवर. एका पायाची टाच किंवा चवडा पेलत नसेल, पाऊल फरफटत असेल, चालता चालता एकाच पायातली चप्पल नकळत निसटून मागे राहत असेल, तर नसेची ताकद जाते आहे. अशा वेळी दोन-तीन दिवसांत तज्ज्ञाला दाखवा. नुसती कळ आणि मुंग्या सहन करत थांबता येतं, वाढत जाणारा अशक्तपणा सहन करत थांबू नये.

तिसरा गट आपल्याकडे विसरला जातो. ताप, घटणारं वजन, रात्री आडवं पडल्यावरही न थांबणारी कंबरदुखी, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. यात मणक्याचा क्षयरोगही असू शकतो. त्याचं निदान आणि औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत, शिवाय पोषणासाठी महिना 1,000 रुपये खात्यात जमा होतात. तो 'सायटिका' समजून महिनोन्‌महिने पट्टा बांधत बसणं फार महागात पडतं.

दोन हिशेब

खासगी दर दवाखान्यागणिक बदलतात. म्हणून खालचे आकडे जिल्ह्याच्या गावांतला ढोबळ पल्ला समजा आणि जाण्याआधी फोनवर नेमकं विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत शुश्रूषागृहांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावावी, असा 2021 पासून नियमच आहे.

घाबरलेल्या माणसाचा पहिला महिना साधारण असा जातो: कंबरेचा पट्टा 600, कुणी न सांगता आपणच करून घेतलेला एमआरआय 6,000, मशीनचा शेक आणि ट्रॅक्शनची दहा सिटिंगं 3,000, नसेच्या म्हणून मिळालेल्या गोळ्या 800. यातच दहा हजार ओलांडले. डॉक्टरची फी, गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी अजून धरलेलीच नाही.

आता दुसऱ्या माणसाचा महिना मांडून बघू. डॉक्टरला दोनदा दाखवलं, 400 प्रमाणे 800. फिजिओथेरपिस्टकडे तीन फेऱ्या, 300 प्रमाणे 900. त्यांनी व्यायाम शिकवायचे, करायचे घरी. शेकायची रबरी पिशवी 250. थोड्या दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या आणि सोबत पोटाची गोळी, जनऔषधी केंद्रातून घेतल्यास शे-सव्वाशे. दोन हजारांच्या आसपास काम होतं. आणि बरं होण्याची शक्यता पहिल्या माणसापेक्षा कमी नसते.

उपजिल्हा रुग्णालयात गेलात तर यातली डॉक्टरची फी आणि तिथे उपलब्ध असलेली औषधंही वाचतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत, केसपेपर, तपासणी आणि औषधं मोफत आहेत. चोपड्याचं उपजिल्हा रुग्णालय यातच येतं. अस्थिरोगतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात आणि फिजिओथेरपीची सोय आहे का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. दुखऱ्या पायाने दोनदा चक्कर मारावी लागू नये. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, जसं 2018 मध्ये सुरू झालेलं जळगावचं आणि धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाचं, वेगळ्या खात्याकडे आहेत. तिथे केसपेपर आणि तपासण्यांचे सरकारी दर असतात. खासगीच्या मानाने ते बरेच कमी आहेत.

गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा

आधी खरं ते सांगतो: नसेच्या या कळीवर कुठलीच गोळी रामबाण नाही. पॅरासिटामॉल 500 ची गोळी रुपया-दीड रुपयाला मिळते, तुलनेने सुरक्षित आहे, पण सायटिकावर तिचा जोर कमी पडतो. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गटातल्या गोळ्यांनी काहींना झोप लागण्याइतका उतार पडतो. त्या घ्यायच्या त्या थोडे दिवस, कमीत कमी मात्रेत, जेवणानंतर, डॉक्टरला विचारून.

धोका असतो तो दोन पाकिटांत. एका डॉक्टरने दिलेली गोळी पांढऱ्या पाकिटात, मेडिकलवाल्याने दिलेली हिरव्या पाकिटात, नावं वेगवेगळी. पाकीट उलटं करून बारीक अक्षरांतलं घटकाचं नाव वाचलं की दोन्हींत एसिक्लोफिनॅकच निघतं. दोन्ही मिळून पोटाला व्रण आणि मूत्रपिंडाला मार. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला जातो. शेतात घाम गाळून पाणी कमी पडलेल्या माणसाच्या मूत्रपिंडावर या गोळ्या अधिक भारी पडतात. रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भारपण यांपैकी काहीही असेल तर स्वतःहून एकही गोळी घेऊ नये.

'नसेची गोळी' म्हणून प्रीगॅबॅलिन आणि मिथाइलकोबालमिनची जोडगोळी सर्रास लिहिली जाते. महिनाभराला पाचशे-हजार रुपये सहज जातात. ऑस्ट्रेलियात सायटिकाच्या रुग्णांवर प्रीगॅबॅलिनची नीट चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2017 साली आले: पायाची कळ साध्या पिठाच्या गोळीपेक्षा जास्त उतरली नाही, चक्कर मात्र जास्त आली. ब्रिटनच्या आरोग्यसेवेची मार्गदर्शक सूचनाही सायटिकासाठी हा गट देऊ नका असंच सांगते. स्टिरॉइडच्या गोळ्याही देऊ नका म्हणते. तुम्हाला प्रीगॅबॅलिन लिहून दिली असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, 'ही कशासाठी, किती दिवस?' मधुमेहाने पायाची आग होत असेल तर ती देण्याचं कारण वेगळं असू शकतं. काही आठवडे घेत आला असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवा. आणि ती घेऊन मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू नका.

पुडीत बांधलेलं नाव नसलेलं औषध तर घेऊच नका, मग ते कुणीही देवो. पहिल्या दिवशी चमत्कार वाटावा इतका आराम पडला तर त्यात स्टिरॉइड असण्याची शंका घ्या. साखर भडकते, हाडं ठिसूळ होतात.

एमआरआय कधी

कंबरेचा एमआरआय खासगीत साधारण 4,000 ते 8,000 रुपयांना पडतो. त्याची घाई का करू नये, याचं कारण पैशापेक्षा मोठं आहे. काहीही न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय तपासले तर विशीत सुमारे 30 टक्क्यांच्या आणि पन्नाशीत 60 टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या दिसतात. हे 2015 साली अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेले आकडे आहेत. म्हणजे रिपोर्टात 'डिस्क बल्ज' हे शब्द बहुधा येणारच. मग माणूस वाकायला घाबरतो, गाडी चालवायची सोडतो, बायको पाण्याचा हंडाही उचलू देत नाही. चित्रातला दोष आणि पायातली कळ जुळतात की नाही, हे तपासणाऱ्या डॉक्टरलाच ठरवता येतं.

एमआरआय करायचा तो वरच्या धोक्याच्या खुणा असतील तर लगेच. नाहीतर सहा आठवडे उलटूनही पायाची कळ हटली नाही आणि इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा विचार सुरू झाला तर. करताना 'फिल्म, रिपोर्ट आणि सीडी धरून किती?' असं विचारा. सीडी हातात घ्याच. जळगावात काढलेला एमआरआय पुण्या-मुंबईच्या डॉक्टरलाही चालतो, परत काढावा लागत नाही. पहिल्यांदाच होत असेल तर रंगद्रव्याचं इंजेक्शन देऊन केलेला महाग एमआरआय सहसा लागत नाही. पूर्वी ऑपरेशन झालं असेल किंवा जंतुसंसर्ग, गाठ यांची शंका असेल तर लागतो. अंगात पेसमेकर, रॉड, क्लिप असेल तर आधी सांगा. एक्स-रे तीन-चारशेत होतो, पण त्यात गादी आणि नस दिसत नाही. मणका सरकला आहे का, मोडला आहे का, एवढंच तो सांगतो.

पट्टा, ट्रॅक्शन आणि मशीन

कंबरेचा पट्टा, वजन लावून ओढणं, करंटच्या मशीनचा शेक या तिन्हींवर आपल्याकडे बराच पैसा जातो. ब्रिटनची वर उल्लेखलेली सूचना या तिन्हींना नाही म्हणते, कारण चाचण्यांत त्यांचा ठोस फायदा दिसला नाही. दवाखान्यात पाच-सहा दिवस दाखल करून नुसतं ट्रॅक्शन लावण्याचा सल्ला कुणी दिला, तर दुसरं मत घेतल्याशिवाय खाटेवर झोपू नका. पट्टा आधीच घेतला असेल तर बसच्या प्रवासापुरता बांधायला हरकत नाही. दिवसभर बांधून ठेवू नका.

फिजिओथेरपिस्टवरचा खर्च मात्र मी वाचवायला सांगणार नाही. फरक एवढाच, की पैसे मशीनचे द्यायचे नाहीत, शिकवण्याचे द्यायचे. त्यांना म्हणा, 'मला घरी करायचे व्यायाम शिकवा, दहा दिवसांनी बघायला येतो.' चांगला फिजिओ आधी कोणत्या हालचालीने कळ वर सरकते ते शोधतो. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात आणि तिथून कंबरेत जमू लागली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ती बरं होण्याची खूण आहे. एखाद्या व्यायामाने कळ घोट्याकडे उतरू लागली तर तो व्यायाम बंद. हा नियम लक्षात ठेवला तर शेजाऱ्याच्या मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून उठाबशा काढण्याची वेळ येणार नाही.

आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात. बस्ती, कटिबस्ती, अग्निकर्म घेणारे आपल्याकडे खूप आहेत. घ्यायचं असेल तर नोंदणीकृत वैद्याकडे, पूर्ण कोर्सचा एकरकमी आकडा आधी लिहून घेऊन, आणि पावलाची ताकद शाबूत असेल तरच. उनपदेवच्या गरम पाण्याने आखडलेले स्नायू सैल पडतात, बरं वाटतं. गादीवर त्याचा परिणाम नाही. पाय बधीर असेल किंवा मधुमेह असेल तर पाण्याचा गरमपणा आधी हाताने पाहा, पायाला चटका कळत नाही. गावठी डागणी मात्र नको. आणि पायाळू माणसाची लाथ उसण भरलेल्याला एक वेळ खपून जाते, कारण उसण आपोआप उतरायचीच असते. फाटलेल्या गादीवर बसलेला तोच झटका माणसाला थेट ऑपरेशनच्या टेबलावर नेऊ शकतो.

ज्याला फारसे पैसे लागत नाहीत

पूर्वी महिनाभर फळीवर निजून राहायला सांगत. 1999 मध्ये डच डॉक्टरांनी 183 रुग्णांत तपासलं: दोन आठवडे बिछान्यात पडून राहिलेले आणि जमेल तसं हिंडते राहिलेले, दोघांत फरक पडला नाही. म्हणून कळ जोरात असेल ते एक-दोन दिवस आडवं व्हा, मग उठा. अंगणात पाच मिनिटं, दिवसातून सहा-सात वेळा चालणं हे सलग अर्धा तास चालण्यापेक्षा बरं. सगळ्यात वाईट म्हणजे बसणं, त्यातही जमिनीवर मांडी घालून वाकून बसणं. जेवायला खुर्ची घ्या. वीस-पंचवीस मिनिटांनी उठाच.

रात्रीसाठी दोन गोष्टी करून पाहा. कुशीवर झोपून दोन्ही गुडघ्यांच्या मधे जाड उशी किंवा घडी केलेली गोधडी ठेवा, म्हणजे वरचा पाय खाली लोंबकळत नाही. उताणं झोपायचं असेल तर पोटऱ्या खुर्चीवर किंवा धान्याच्या अर्ध्या भरलेल्या गोणीवर टेकवा. कंबर आणि गुडघे दोन्ही काटकोनात आले की नसेवरचा ताण सुटतो. उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाटेवरून खाली सोडा आणि त्याच वेळी कोपराने अंग वर ढकला. खोकला-शिंक येताना गुडघे किंचित वाकवून एक हात भिंतीला लावा.

उकिडवं बसायचं शौचालय हा रोजचा छळ असतो, आणि त्याबद्दल, विशेषतः बायका, बोलत नाहीत. कमोडची लोखंडी खुर्ची हजार ते दोन हजारांत मिळते. मधे भोक पाडलेली मजबूत प्लॅस्टिकची खुर्चीही चालते. कुंथावं लागू नये म्हणून पाणी, पालेभाजी, इसबगोल. वेदनाशामक गोळ्यांपेक्षा हा खर्च आधी करा.

कापूस वेचणाऱ्या बाईला 'वाकू नका' सांगणं सोपं आहे, तिची मजुरी किलोवर असते. निदान कमरेची ओटी भरभरून न ठेवता लवकर रिकामी करावी, एका तासात दोनदा सरळ होऊन हात कमरेवर ठेवून मागे वाकावं, भरलेलं गाठोडं दुसऱ्याने उचलावं. केळीचा घड वीस-पंचवीस किलोचा असतो. तो वाहणं दोन महिने बंदच. घरातल्यांनी हे ठरवून टाकावं, दुखणाऱ्याने दर वेळी मागायला लागू नये.

जळगावची फेरी

चोपडा ते जळगाव पन्नास-पंचावन्न किलोमीटर. एसटीच्या साध्या गाडीला एका बाजूचे नव्वद-शंभर रुपये. महिलांना आणि 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना निम्मे, 75 च्या पुढे काहीच नाही. वयाचा पुरावा जवळ ठेवा. मागच्या चाकावरची आणि शेवटची बाकं टाळा, तिथे प्रत्येक खड्डा थेट कंबरेत उतरतो. पुढच्या भागातली, मधल्या वाटेकडची कडेची जागा घ्या, म्हणजे पाय मोकळा सोडता येतो आणि अधूनमधून उभं राहता येतं. कंबरेच्या खळग्यात गुंडाळलेला टॉवेल ठेवा. मोटारसायकलवर मागे बसून जाणं स्वस्त वाटतं, पण कळ जोरात असताना तो प्रवास टाळाच. नुसता सल्ला किंवा रिपोर्ट दाखवायचा असेल तर ई-संजीवनीवर सरकारी डॉक्टर मोबाइलवरून मोफत बोलतात, आणि 104 वर आरोग्यविषयक माहिती मिळते.

इंजेक्शन किंवा ऑपरेशन ठरलं तर

कळ सहन होत नाही आणि तारीख लांब आहे, अशा वेळी मणक्यातलं स्टिरॉइडचं इंजेक्शन हा मधला मार्ग असतो. खासगीत साधारण 10,000 ते 25,000. आराम काही आठवडे टिकतो, कधी थोडे महिने. तेवढ्यात शरीर पुढचं काम करतं. गादीच्या तुकड्यापुरतं छोटं ऑपरेशन खासगीत साधारण 80,000 पासून दोन लाखांपर्यंत जातं. त्यात स्क्रू आणि पट्ट्या सांगितल्या असतील तर 'माझा मणका सरकलाय का, की स्क्रूची गरज पडावी?' हा प्रश्न विचारा. साध्या फाटलेल्या गादीला सहसा स्क्रू लागत नाहीत, आणि बिल मात्र त्यांनीच फुगतं. खर्च सांगताना भूल, खोली, औषधं, इम्प्लांट आणि नंतरची तपासणी धरून आकडा कागदावर मागा.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांसाठी आहे, पांढरं कार्ड असलं तरी. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. पण ती दाखल झाल्यावरच्या ठरलेल्या उपचारांसाठी आहे. ओपीडी, रोजच्या गोळ्या आणि फिजिओची फी तीत येत नाही. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवल्या आहेत. म्हणून तारीख घेण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा 155388 वर फोन करा आणि नेमकं विचारा: 'कंबरेच्या गादीचं हे ऑपरेशन, याच रुग्णालयात, योजनेत बसतं का?' शिधापत्रिका, आधार आणि एमआरआयचा रिपोर्ट सोबत हवा. शिधापत्रिकेवर नाव चुकलेलं असेल तर थांबायच्या दिवसांतच तहसील कार्यालयातून दुरुस्त करून घ्या, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते होत नाही. 70 वर्षं आणि त्यापुढच्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्याचंही पाच लाखांचं संरक्षण आहे.

खासगी विमा दुखणं सुरू झाल्यावर घेण्यात अर्थ नाही. आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत गादी सरकण्याच्या उपचाराला 24 महिन्यांची वाट पाहावी लागते, अपघाताने झालं असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या एमआरआयसाठी दाखल झाल्याचं बिलही विमा कंपनी नाकारते. पुण्या-मुंबईच्या धर्मादाय रुग्णालयात जायची वेळ आली तर तिथे दहा टक्के खाटा वार्षिक उत्पन्न 1.80 लाखांपर्यंत असलेल्यांना मोफत आणि दहा टक्के 3.60 लाखांपर्यंत असलेल्यांना सवलतीत राखून ठेवायच्या असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊनच निघा आणि रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टरांच्या आधी तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला गाठा. बिलाबाबत फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

तज्ज्ञाच्या भेटीला जाताना एका कागदावर लिहून न्या: कळ कधी सुरू झाली, कुठपर्यंत जाते, आता वर सरकली की खाली उतरली, किती मिनिटं चालता आणि किती मिनिटं बसता येतं, आतापर्यंत कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, त्यांची रिकामी पाकिटं, आणि दुसरे कोणते आजार आहेत. तपासताना डॉक्टरांनी पाय सरळ वर उचलून पाहिला नाही, अंगठ्याची ताकद पाहिली नाही आणि थेट ऑपरेशनची तारीख दिली, तर रिपोर्ट आणि सीडी परत घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. त्याला चार-पाचशे रुपये लागतील.